सुभेदारांनी ठेवून घेतलेलं हँडल

मोटार काळी होती की गडद निळी, हे आज शपथेवर सांगवत नाही. माझ्या आठवणीवर माझाच फारसा भरवसा नाही. पण फजिती माझीच झाली, एवढं नक्की. चहा निवायच्या आत सांगून टाकतो.

महायुद्ध नुकतंच संपलं होतं. मी सांगलीला तर्कशास्त्र शिकवीत असे. उंब्रजच्या एका निवृत्त सुभेदारांना जुनी मोटार विकायची होती. पत्नीच्या पाटल्या मोडून मी निघालो. ती एवढंच म्हणाली, "फसून येऊ नका." आता असं ऐकून निघालेल्या माणसाचं चित्त ठिकाणावर राहील का?

सुभेदारांनी दूध दिलं, वर गूळ-शेंगा. माझा संशय बळावला. ओळख ना देख, एवढं आदरातिथ्य कशाला? मी पुढे वाकून इंजिनावरचा नंबर कागदाशी ताडून पाहत होतो, तेवढ्यात ते आत बसले आणि गाडी सुरू झाली.

"बसा मास्तर, समदं समजावून देतो."

"नको, मला येतं." मित्राच्या मोटारीवर शिकलो होतो मी. ती पुढून लोखंडी हँडल घालून, फिरवून सुरू होई.

पैसे मोजून वेशीबाहेर पोचलो आणि वाटलं, चाकं मघाशी पाहिली तीच आहेत ना? इंजिन बंद करून उतरलो. चाकं तीच होती. आता हँडल शोधू लागलो. सीटखाली नाही, मागे नाही, कुठंच नाही!

शेवटी एका गाडीवानाची बैलजोडी जुंपून मोटार परत सुभेदारांच्या दारात आणली. मागून अर्धं गाव.

"हँडल कुठं आहे?"

"घरात ठिवलंय की." माणूस सरळ कबूल!

"का?"

"आवं, जनावर इकलं तरी दावं कोन देतं व्हय? दाव्यासंगं दारातली लक्ष्मी जाती."

"अहो, ही मोटार आहे!"

"मग? दारातच हुती न्हवं?"

"खरं हाय सुभेदारांचं," गाडीवान म्हणाला. "दावं घेनाऱ्यानं आनायचं असतंय, मास्तर."

"आणि गाडी सुरू कशी करू?"

"त्येला हँडल कशाला?" सुभेदार पुढे झाले. "सरका, मी पायानं..."

"गाडीला पाय लावायचा नाही! फौजदारांना बोलावू का?"

सुभेदार मागे सरले. त्यांच्या पत्नीनं हँडल आणलं. त्यावर हळदकुंकू होतं. पदरानं पुसून माझ्या हाती देत त्या म्हणाल्या, "न्या."

त्या हँडलानं मी कित्येक वर्षं रोज सकाळी मोटार सुरू केली. खांदा कायमचा दुखावला. पण फसलो नाही, हे समाधान होतं.

पुढे मोटार विकायची ठरली. पत्नी मोटारीत झाडत असताना तिचा पाय खालच्या चटईवर पडला आणि मोटार गुरगुरून पुढे उसळली.

"अहो, ह्या चटईखाली काहीतरी आहे."

गोल बटण होतं. मला ते मागाहून कुणीतरी बसवलेलं वाटलं. म्हणून कोल्हापूरच्या गॅरेजात जाऊन खात्री करून घेतली. बटण कारखान्यातूनच आलेलं होतं, आणि मोटार सुरू करायला ते पायानं दाबलं की पुरे होतं.