खणलेली गल्ली

काल शेजारच्या काकूंच्या छातीत कळ आली. रुग्णवाहिका कोपऱ्यावरच अडली, कारण नुकताच झालेला आमचा डांबरी रस्ता आता पाण्याच्या पाइपसाठी खणून ठेवला आहे. आम्ही शेजाऱ्यांनी काकूंना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि चराच्या कडेकडेने उचलून नेलं.

परतताना मी मुकादमावर चिडलो. "अहो, पाइप आधी टाकता येत नव्हते?"

"साहेब, रस्ता पालिकेचा, पाणी राज्याचं, निधी दिल्लीचा. आम्हाला कोण विचारतं?"

तीन-तीन सरकारं आमच्या एवढ्याशा गल्लीत येऊन गेली, पण एकमेकांशी बोललीच नाहीत.

काकू बचावल्या. आज दवाखान्यात भेटलो, तर हळूच म्हणाल्या, "सगळ्यांदेखत असं उचलून न्यावं लागलं, मला फार लाज वाटली रे."

लाज वाटली, तीही काकूंना!