एल्वीबाईंचं प्रकरण

योएनसू या आमच्या गावच्या आख्ख्या विद्यार्थी वसाहतीत तार्मो केट्टुनेनच्या खोलीइतकी लख्ख खोली दुसरी नव्हती. कारण एकच. त्याला प्रबंध लिहायचा होता.

आमच्या घरात तीन खोल्या आणि एक सामाईक स्वयंपाकघर होतं. एका खोलीत मी, एकीत तार्मो, आणि तिसऱ्या खोलीत मुलं यायची, शिकायची, पदवी घेऊन निघून जायची. तार्मो मात्र तिथेच. आमच्या भाषेत त्याच्या नावाचा अर्थ जोम, धडाडी असा होतो. नव्याने आलेल्या प्रत्येकाला त्यावर विनोद सुचायचा आणि तार्मो दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखा मनापासून हसायचा.

आळशी म्हणावं तर तो आमच्या सगळ्यांच्या आधी उठायचा. कॉफी करायचा, टेबलाशी बसायचा, कागद नीट लावायचा. मग त्याला दिसायचं की खिडकीची काच मळली आहे, आणि मळक्या उजेडात माणूस विचार तरी कसा करणार. काच पुसून झाली की तो घड्याळाकडे बघायचा. तास अर्धा सरलेला असायचा, आणि अर्ध्या तासावर कामाला सुरुवात करणं त्याला बरं वाटत नसे. काटा बारावर येईपर्यंत थोडं पीठ मळून ठेवू, म्हणून तो स्वयंपाकघरात यायचा. दुपारी आम्ही कॉलेजातून परत येईपर्यंत राय नावाच्या काळपट धान्याच्या पिठाची पातळ पारी लाटून, आत भाताची घट्ट खीर भरून, कडांना चुण्या घालून भाजलेल्या ‘पाई’ ताटभर तयार असायच्या. वर लोणी आणि उकडलेल्या अंड्याचा चुरा. आम्ही वर्षानुवर्षं त्याचं न लिहिणं खात होतो आणि त्यावर चांगले पोसलो होतो.

ऋतूही त्याच्या मदतीला असायचे. हिवाळ्यात दिवस इतका लहान की डोकं चालत नाही. मार्चमध्ये तळ्यावरच्या बर्फावर असं ऊन पडतं की भोक पाडून गळ टाकून बसला नाही तर माणूस कसला. जूनमध्ये उजेड मावळतच नाही, मग घाई कशाची. ऑगस्टमध्ये ब्लूबेरी आणि सप्टेंबरात अळंबी, ती काय प्रबंधासाठी थांबणार आहेत? एरवी सोमवार होताच. तार्मोच्या बोलण्यात सोमवार असा यायचा, जसा दुसऱ्यांच्या बोलण्यात एखादा कर्तबगार मामा येतो. तो आला की सगळं मार्गी लागणार.

मजा म्हणजे त्याचा विषय त्याला फार आवडायचा. पूर्वी जंगलात लाकूडतोड्यांच्या छावण्या पडायच्या, तिथे पन्नास पन्नास पुरुषांचा स्वयंपाक एकटी बाई करायची. अशा म्हाताऱ्या झालेल्या बायकांना शोधून, त्यांच्या घरी कॉफी पिऊन, तार्मोने त्यांच्या आठवणी कॅसेटवर भरून आणल्या होत्या. जेवताना तो त्या सांगू लागला की आमचे चमचे थांबायचे. मग लिहीत का नाहीस, असं मी एकदा विचारलं. पाई लाटता लाटता तो थांबला.

"पाइवी, डोक्यात असतो ना, तोवर तो प्रबंध फार देखणा असतो," तो म्हणाला. "कागदावर उतरला की माझ्यासारखा दिसायला लागेल."

एवढं खरं बोलून झाल्यावर त्याला एकदम आठवलं की ओव्हनची जाळी घासायची राहिली आहे.

त्या बायकांपैकी एल्वी तोल्वानेन आमच्याच गावात, नदीपलीकडे राहायच्या. ऐंशीच्या घरातल्या, ताठ कण्याच्या, आणि आपण विद्यापीठाच्या पुस्तकात येणार या कल्पनेने भलत्याच खूश. बाजारात तार्मो दिसला की त्या भाज्यांच्या गाड्यांमधून वाट काढत यायच्या आणि "कुठवर आलं माझं प्रकरण?" असं विचारायच्या. तार्मो म्हणायचा, होतंय. काही दिवसांनी, होत आलंय. पुढे पुढे तो कांदे घ्यायलाही मला पाठवायला लागला.

एका शनिवारी मात्र त्यांनी त्याला मासेवाल्यासमोर गाठलं. सोबत त्यांच्या दोन मैत्रिणी होत्या, साइमी आणि लेम्पी. दोघींनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. लेम्पीबाईंनी विचारलं, हाच का तो, तुझ्यावर लिहिणारा? आणि तीन टोप्यांखालून तीन चेहरे आपल्याकडे बघताहेत म्हटल्यावर तार्मोच्या तोंडून निघून गेलं की प्रकरण तयार आहे.

"मग उद्या ये वाचून दाखवायला," एल्वीबाई म्हणाल्या. "मी बन भाजते."

तो घरी आला तेव्हा त्याच्या पिशवीत मासेही नव्हते. आजारी पडता येईल का, याचा त्याने विचार केला. मी म्हटलं, अजून आख्खी संध्याकाळ आहे, बसून लिही. तो बसलाही. पण एका संध्याकाळात लिहिलेलं त्या बाईंच्या तोलाचं कसं होणार, या विचारात त्याने आमच्या सगळ्यांच्या सायकलींना तेल घातलं. दुसऱ्या दिवशी त्याने कोऱ्या कागदांचा एक गठ्ठा फायलीत घातला आणि मला म्हणाला, तू चल, एकट्याने मरवत नाही.

एल्वीबाईंच्या स्वयंपाकघरात वेलचीचा वास सुटला होता. तिघी चांगले झगे घालून भिंतीशी ओळीने बसल्या होत्या, जणू चर्चमध्येच. कॉफी झाली, बन झाले, दुसरी कॉफी झाली. मग काही इलाज उरला नाही. तार्मोने फाईल उघडली, घसा खाकरला आणि कोऱ्या कागदावर डोळे लावून वाचायला सुरुवात केली.

पहिली दोन वाक्यं नुसती चाचपडत गेली. तिसऱ्यात एल्वीबाई सतरा वर्षांच्या झाल्या आणि घोड्याच्या घसरगाडीत पिठाच्या पोत्यावर बसून छावणीकडे निघाल्या. तिथून पुढे तार्मोला थांबवणं कुणाच्या हातात नव्हतं. बर्फ वितळवून भरलेली कढई, पहाटे पेटवलेली चूल, वाटाण्याच्या आमटीतला डुकराचा तुकडा कुणाच्या वाट्याला मोठा आला यावरून झालेली भांडणं, आणि सुटीच्या दिवशी वाळत घातलेल्या मोज्यांच्या रांगेखाली म्हटलेली गाणी. मध्ये मध्ये तो पानही उलटत होता. साइमीबाईंनी रुमाल काढला. मी कपाकडे बघत बसले, कारण त्याच्याकडे बघितलं असतं तर हसू आवरलं नसतं.

तेवढ्यात कमी ऐकू येणाऱ्या लेम्पीबाई पुढे वाकल्या. "ते मोज्यांचं काय म्हणालास? तेवढं पुन्हा वाच."

तार्मोचे कान लाल झाले. त्याने एक पान मागे उलटलं, कोऱ्या कागदावर बोट फिरवत जागा शोधली, आणि मोज्यांचं वाक्य पुन्हा वाचलं. शब्द वेगळेच निघाले. पण लेम्पीबाई समाधानाने मागे टेकल्या आणि म्हणाल्या की शिकलेला माणूस लिहितो कसा, ते यावरून कळतं.

निघताना एल्वीबाई आम्हाला दारापर्यंत पोचवायला आल्या. मैत्रिणी आत भांडी विसळत होत्या. एल्वीबाईंनी तार्मोच्या काखेतल्या फायलीवर हलकेच टिचकी मारली.

"मी खिडकीसमोर बसले होते, पोरा. कागद उजेडापुढे धरला की पलीकडून सगळं दिसतं. किंवा काहीच दिसत नाही."

तार्मो खाली बघायला लागला. त्याला काही बोलू न देताच त्या पुढे म्हणाल्या, "छावणीत गडी विचारायचे, आमटी झाली का? मी म्हणायचे, उकळतेय. तेव्हा चूलसुद्धा पेटलेली नसायची. पण एकदा उकळतेय म्हटलं की पेटवावीच लागायची. आता घरी जा आणि जे बोललास ते लिहून काढ. मोज्यांचं दुसऱ्यांदा म्हणालास ते घे, ते जास्त बरं होतं. पुढच्या रविवारी काय वाचणार आहेस?"

पुलावरून परतताना तो माझ्या चार पावलं पुढे चालत होता. मला वाटलं, दुखावला असेल. घरी आल्यावर त्याने अंगातला कोट काढला नाही, काच पुसली नाही, घड्याळ बघितलं नाही. संध्याकाळभर त्याच्या खोलीतून टाइपरायटर वाजत राहिला. तिसऱ्या खोलीतला मुलगा बाहेर येऊन मला विचारायला लागला की नळ गळतोय का.

काही तो एका दिवसात सुधारला नाही. आठवड्याच्या मधल्या दिवसांत पुन्हा पीठ मळलं जायचंच. पण रविवारी तीन म्हाताऱ्या बन भाजून वाट बघत असायच्या, आणि कोरे कागद आता चालणार नव्हते. शनिवारी तो मला समोर बसवायचा, जेवताना सांगतो तसं सगळं आधी सांगायचा आणि लगेच जाऊन ते टाइप करायचा. दर आठवड्याला कॅसेटवरच्या नव्या बाईची पाळी यायची. लेम्पीबाई निम्मं पुन्हा वाचायला लावायच्या, त्यामुळे लांबलचक वाक्यं आपोआप गळून पडली. साइमीबाई जिथे रडायच्या तिथे तो पेन्सिलीने खूण करून ठेवायचा. वसंतात नदीतला बर्फ फुटला तेव्हा त्याच्या हातात प्रबंधाचा चांगला जाडजूड गठ्ठा होता. प्राध्यापक दिसले की इतकी वर्षं तो ग्रंथालयातल्या कुंडीमागे लपत आला होता, त्यामुळे गठ्ठा घेऊन समोर गेल्यावर त्यांनी त्याला ओळखलंच नाही. नाव सांगितल्यावर ते खुर्चीतून उठून उभे राहिले आणि त्यांनी त्याचा हात बराच वेळ हलवला.

प्रबंध मान्य झाल्याचं कळलं त्या दुपारी आम्ही दोघं सरळ नदीपलीकडे गेलो. तार्मोने बांधलेली प्रत एल्वीबाईंच्या टेबलावर ठेवली. त्यांनी हात धुतले, पुसले, चष्मा लावला आणि आपलं नाव असलेल्या पानावर तळवा फिरवला. मग शेजारी बसलेल्या लेम्पीबाईंना ते पान मोठ्याने वाचून दाखवलं.

साइमीबाईंनी रेडिओ लावला. टँगो सुरू होता. एल्वीबाईंनी टेबल भिंतीला सरकवलं, तार्मोच्या हातातला कप काढून घेतला आणि त्याला खोलीच्या मधोमध उभं केलं. त्याने सांगून पाहिलं की त्याला नाच येत नाही, आधी शिकावं लागेल, पुढच्या आठवड्यात वर्ग सुरू होताहेत. पण तोवर एल्वीबाईंनी त्याचा हात आपल्या कमरेवर ठेवला होता आणि पहिलं पाऊल टाकलंही होतं.