येळवशीची दांडी

कबूल करते: भोसरीत बातमीदार होऊन वर्षही झालं नव्हतं, आणि मी माझ्याच मुलखातल्या माणसांविरुद्ध बातमी लिहिली. वर ती पर्समध्ये घालून मिरवलीसुद्धा!

भोसरीला निघाले तेव्हा लातूरच्या स्टँडवर आईनं आंबिलीचं मडकं एसटीत माझ्या मांडीवर ठेवलं होतं. "आंबट वासाला लाजू नको, पोटाला गार असतंय." मी ते खिडकीतून परत दिलं. साप्ताहिकात नोकरीला निघालेली बाई मडकं घेऊन शोभेल का? आता त्या पोरीचा कान पिळावासा वाटतो. भोसरीत मी "मूळची पुण्याचीच" म्हणून सांगायची आणि इतकं छापील बोलायची, की चहावाल्याला वाटे रेडिओच लागलाय.

एका डिसेंबरात वर्कशॉपं निम्मी रिकामी पडली. संपादक म्हणाले, "पोरं गेली कुठं, बघा." बघायचं काय? निम्मी पोरं आमच्या लातूरकडची, आणि येळवस होती. मार्गशीर्षातल्या त्या अमावास्येला आमच्याकडं घराला कुलूप लावून सगळे शेतात जातात, ज्वारीत बसून डाळ-भाज्यांची भज्जी आणि आंबील जेवतात. पण हे लिहिलं तर माझं गाव उघडं पडणार! म्हणून एका मालकाला तेवढं विचारलं आणि मथळा ठोकला: 'कामगारांची दांडी'.

अंक आला त्या दिवशी शेजारच्या खोलीतल्या शारदामावशी दारात उभ्या. औशाकडच्या, म्हणजे आमच्याच लातूर जिल्ह्यातल्या. त्यांच्या नवऱ्याला गेटवरून परत पाठवलं होतं; मालकानं पुरावा म्हणून माझीच बातमी दाखवली होती. मावशी भांडल्या नाहीत. गावाहून आणलेल्या आंबिलीची वाटी पुढं केली. मी ती एका दमात प्यायले, अन् रडले.

पुढच्या अंकात खरं लिहिलं: येळवस काय असते, आणि मीही तिकडचीच. संपादकांनी कात्री लावली नाही, मालकानंही माणूस परत घेतला. दोघांचे उपकार.

आता म्हातारपणी दिघीत आंबील मिक्सरमध्ये घुसळते. नात चाकणच्या कंपन्यांच्या बातम्या करते, शिफ्टला माणसं कमी दिसली, की आधी विचारते, "कुठली आहेत? तिकडं आज काय असतं?" ही खोड तिला मी लावली, मला मावशींच्या त्या वाटीनं. गाव मी सोडलं होतं; परत हातात दिलं ते भोसरीच्या त्या दहा बाय दहाच्या खोलीनं.

मावशींना वाचता येत नव्हतं. ती दुसरी बातमी मीच त्यांना वाचून दाखवली. पदरानं डोळे पुसत त्या म्हणाल्या, "झ्याक लिवलीस की. आता पुढच्या येळवशीला दांडी तूबी मार. यष्टीत रुमाल टाकून जागा मी धरते."