बोटीवरची दुसरी खाट

सासू गेल्यावर महानंदाला भेटायला जी जी बाई आली, तिनं एकच गोष्ट सांगितली. "सुटल्या बिचाऱ्या. आणि तूही सुटलीस." महानंदा मान हलवायची आणि चहाचा ट्रे पुढं करायची. सुटल्यासारखं तिला वाटत नव्हतं, आणि दुःख झाल्यासारखंही वाटत नव्हतं. दात काढण्याआधी हिरडीत इंजेक्शन देतात, मग गाल आपलाच असून दुसऱ्या कुणाचा वाटतो, तसं तिला अंगभर झालं होतं.

सासूबाई, गंगम्मा, नऊ वर्षं अंथरुणावर होत्या. झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणं निम्मं राहिलं आणि जे राहिलं ते कानडी. दर दोन तासांनी त्यांची कूस बदलायची, पाठीला पावडर लावायची, चमच्याचमच्यानं अंबील भरवायची. अंघोळ घालायला सकाळी तासभर साबेरा यायची. बाकीचा सगळा दिवस महानंदाचा. महानंदाचा नवरा गुरुशांत, त्याची मार्केट यार्डात कांद्याची अडत. घराबाहेर पडताना तो आईच्या दारात उभा राहायचा, "अव्वा, जेवलीस का?" म्हणायचा, आणि उत्तर यायच्या आत चपला घालायचा. माणूस वाईट नव्हता. आईचं तसं पडून राहणं त्याला बघवत नव्हतं, एवढंच.

गंगम्मा मार्गशीर्षात गेल्या. दिवसकार्याची शिवगणाराधना झाली, पाहुणे आले तसे गेले. जानेवारी संपताना एका दुपारी गुरुशांत रंगीत पुस्तिका घेऊन घरी आला आणि ती त्यानं जेवणाच्या ताटाशेजारी पसरली.

"इजिप्तला जायचं, आठ दिवस. नाईल नदीत बोट असती, चार रात्री बोटीवरच राहायचं. दोन्ही काठांनी तीन-तीन हजार वर्षांची देवळं. मार्चात यार्डातली गर्दी कमी होती, तवा जाऊ. तू लई केलंस अव्वाचं. आता हे तुझ्यासाठी."

महानंदानं फोटो बघितला. निळं पाणी, पांढरी बोट, मागं पिवळट दगडाचे खांब. "बघू," ती म्हणाली आणि भाकरी वाढली.

पुण्याहून मुलीचा, महेश्वरीचा फोन आला. "आई, जा की गं. नऊ वर्षांत तू सोलापूरच्या बाहेर राहिलीस का एक रात्र तरी?" महानंदानं आठवून पाहिलं. नव्हती राहिली. पण ते ऐकूनही तिला काही झालं नाही. दुसऱ्या कुणाच्या घरची हकीकत ऐकावी तसं ऐकलं.

गुरुशांतनं मग तिच्या होकारासाठी थांबणं सोडून दिलं. पासपोर्टचे अर्ज भरले, फोटो काढायला तिला घेऊन गेला. फोटोवाला म्हणाला, हनुवटी जरा वर घ्या, तिनं घेतली. जरा खाली, तिनं खाली घेतली. फोटो हातात आला तेव्हा ती बराच वेळ त्याच्याकडं बघत राहिली. बाई ओळखीची होती, पण कुठं भेटली होती ते लवकर आठवेना.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात दोघं सात रस्त्याजवळच्या ट्रॅव्हल ऑफिसात गेले. तिथला सोहेब चटपटीत होता. कॉम्प्युटरवर फॉर्म उघडून एकेक प्रश्न विचारू लागला.

"मॅडम, केबिन खालच्या मजल्यावर की वरच्या? वरून देवळं चांगली दिसतात."

"कुठलंही चालेल."

"पलंग जोडलेले की दोन वेगळे?"

"काहीही."

"जेवण शुद्ध शाकाहारी लिहितो. कांदा-लसूण चालेल ना?"

"कांदा चालत नसता तर मी धंदा कशाचा केला असता!" गुरुशांत हसून म्हणाला. सोहेबही हसला. महानंदाकडं बघून म्हणाला, "मॅडम, तुम्ही काय ते सांगा. तुमच्या नावापुढं मला कायतरी लिहावं लागेल. 'काहीही' असं खाणं फॉर्मात नाही."

तिला खरंच काही सुचेना. नऊ वर्षं तिनं दुसऱ्याच्या तोंडाला काय चालतं तेवढंच बघितलं होतं. मऊ हवं, कोमट हवं, गाठ नको. स्वतःला काय आवडतं हे आठवायला लागली, तर डोक्यात नुसती स्वच्छ पुसलेली फरशी.

"वरण-भात," ती शेवटी म्हणाली, कारण लोक तेच सांगतात.

सोहेबनं सांगितलं, शनिवारी विमानाची तिकिटं निघतील. तोवर नाव काढता येतं, नंतर फार कटकट होते. गुरुशांत म्हणाला, "नाव कशाला काढायचं?"

शुक्रवारी साबेरा आली. आता तिला एका दवाखान्यात काम लागलं होतं. गंगम्मांची उरलेली रबरी चादर तिथल्या एका पेशंटला हवी होती, ती न्यायला आली होती. चादर घडी घालता घालता तिनं विचारलं, "भाभी, बोटीनं जाताय म्हनं?"

"ठरलंय तसं."

"तुमाला जायचंय का?"

हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. सगळे 'जा' म्हणत होते. महानंदा चादरीचं टोक हातात धरून उभी राहिली.

"काय की गं. जायचंय असं वाटत न्हाय. न्हाय जायचं असं पण वाटत न्हाय."

"रडलात का अम्मांसाठी?"

"न्हाय आलं रडू."

"मग राहू द्या," साबेरा म्हणाली आणि चादर पिशवीत घातली. राहू द्या म्हणजे बोट की रडणं, ते तिनं सांगितलं नाही. महानंदानंही विचारलं नाही. पण साबेरा गेल्यावर ती गॅसपाशी न जाता खुर्चीत बसून राहिली. दुपारी गुरुशांत घरी आला तेव्हा भाकऱ्या झालेल्या नव्हत्या. लग्नाला चौतीस वर्षं झाली, असं कधी झालं नव्हतं.

"बरं न्हाय का?" त्यानं विचारलं.

"बरी हाय. एक विचारू? इजिप्तच का काढलंत तुम्ही?"

"म्हणजे? तुला आवडतं म्हणून की." तो गोंधळला. "अव्वाच्या खोलीत टीव्हीवर तू रोज तेच लावायचीस. बोटी, देवळं, ती नदी. मी जाता-येता बघायचो. म्हटलं, हिला बघायचं असणार."

 महानंदा सावकाश बोलली. "ते मी न्हवते बघत. अव्वा बघायच्या. दुसरं काही लावलं की ओरडायच्या, आणि नदी दिसली की गप पडायच्या. त्यांना ती भीमा वाटायची. माहेरची. 'ही भीमाच ना?' म्हणून कानडीत रोज विचारायच्या. मी म्हणायचे, व्हय, भीमाच. मग चार घास जास्त जायचे."

गुरुशांतनं हातातली टोपी टेबलावर ठेवली. परत उचलली. "मला कधी बोलली न्हाय ती असं," तो म्हणाला.

"तुम्ही दारातून विचारायचात."

ती हे रागानं म्हणाली नाही. तिच्यात राग नव्हताच. भाजीत मीठ कमी आहे हे सांगावं तसं तिनं सांगितलं. गुरुशांत खुर्चीत बसला. त्याचे डोळे भरून आले, आणि महानंदा त्याच्याकडं बघत राहिली. रडणाऱ्या माणसाजवळ जाऊन बसावं हे तिला कळत होतं. ती उठली, त्याच्याजवळ जाऊन बसली. हात त्याच्या पाठीवर ठेवला. हाताला त्याचा सदरा लागला, घामानं ओला.

मग ती म्हणाली, "तुम्ही जाऊन या. माझं नाव काढा."

"एकटा? मी काय करू तिथं?"

"बघा की नदी. अव्वांना दिसायची ती कशी हाय ते बघा. मला आठ दिवस ह्या घरात कुणी नको. वाईट वाटून घेऊ नका. मला कुणासाठी काही करायचं न्हाय, आठ दिवस."

गुरुशांतला वाईट वाटलंच. शनिवारी सकाळी त्यानं सोहेबला फोन केला, आणि महानंदा स्वयंपाकघरातून ऐकत असताना स्वतःचं नाव ठेवून तिचं काढलं. दोन खाटांची खोली एका माणसासाठी राहिली.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात तो गेला. पहिले दोन दिवस महानंदा दर दोन तासांनी उठून रिकाम्या खोलीच्या दारापर्यंत जायची आणि परत यायची. तिसऱ्या दिवशी दुपारी ती झोपली ती एकदम दिवेलागणीलाच उठली. केव्हाही खाल्लं, काहीही खाल्लं. एका दिवशी फक्त शेंगाचटणी आणि शिळी भाकरी. एका दिवशी काहीच नाही. साबेरा एकदा डोकावून गेली. बरं वाटतंय का, असं तिनं विचारलं नाही, ते महानंदाला बरं वाटलं.

गुरुशांत परतला तो उन्हानं काळवंडून. हातपाय धुऊन जेवायला बसला आणि सांगत सुटला. एका देवळात मगरींची सुकवलेली प्रेतं काचेत ठेवली होती, मोठमोठी, देव मानून जपलेली. एका ठिकाणी बोट दोन भिंतींच्या मध्ये थांबवून पाणी चढवतात, मग बोट वरच्या पातळीला जाते. तिथं खालून होडीवाले चादरी वर फेकून विकत होते. "सोलापूरच्या माणसाला चादरी!" तो म्हणाला आणि हसला. मग हसणं थांबवून म्हणाला, "संध्याकाळी डेकवर बसायचो. कुणाला कायतरी सांगावं असं वाटायचं, पण कुणी ओळखीचं नव्हतं."

महानंदानं त्याला आणखी आमटी वाढली. "अजून सांगा," ती म्हणाली. तिला कुतूहल होतं असं नव्हे, पण ऐकायला त्रास होत नव्हता.

त्याचं सांगून झाल्यावर ती म्हणाली, "मी उद्या वळसंगला जाते. संगप्पाकडं. चार दिवस राहीन."

संगप्पा तिचा धाकटा भाऊ. इतकी वर्षं ती साबेराला घरी थांबवून सकाळी जायची आणि दुपारी परत यायची.

"अचानक? काय कार्य हाय का तिकडं?"

"काही न्हाय. ज्वारीची काढणी चालू असेल. बसून बघीन."

"गाडीनं सोडतो."

"नको. एसटी हाय की."

सकाळी तिनं एक पिशवी भरली. वळसंगवरून जाणाऱ्या अक्कलकोटच्या गाडीत खिडकीशी जागा मिळाली. सीट उन्हानं तापली होती. शेजारी बसलेल्या म्हातारीनं विचारलं, "कुटं निघालीस गं बाई?"

"माहेरी."

"कुनाचं काय हाय?"

"कुनाचं काही न्हाय," महानंदा म्हणाली. गाडी सुरू झाली. तिनं पिशवी मांडीवर घेतली आणि काच सरकवून उघडली. गरम वारा तोंडावर येत होता. ती तशीच बसून राहिली.