सोमीबाईचं ‘नाई’

बाजारात वाळल्या मोहफुलांचा वास आला की ऐंशीच्या दशकातली, गडचिरोलीच्या जंगलातल्या आमच्या गावची एक सभा आठवते. मोहाखाली सारं गाव बसलं होतं आणि कागद कारखान्याचे साहेब आमच्या रानातला बांबू तोडायला संमती मागत होते. सगळे हो म्हणाले. एकटी म्हातारी सोमीबाई म्हणाली, “बांबूची बेटं अजून भरली नाई. यंदा नाई.”

साहेब हसले. “बाकीचे तयार आहेत ना? हात वर करा, झालं.”

माझे बाबा उठले. “साहेब, आमच्या इथी हात मोजत नाई. एकाचं नाई म्हणजे गावाचं नाई.”

मघाशी हो म्हणणारेही माना डोलवू लागले. साहेब तसेच परतले.

तेव्हा तोडणीची मजुरी बुडाल्याचं मला वाईट वाटलं होतं. आज कोणी स्वराज्य म्हटलं, की एका म्हातारीसाठी थांबलेलं माझं अख्खं गाव डोळ्यांपुढं ताठ उभं राहतं.