मुंबईकडे तोंड केलेला अँटेना

अँटेना मी मुंबईकडे तोंड करून लावला. आता यात माझं काय चुकलं? आमच्या रत्नागिरीत पैसे, पाहुणे, लग्नाची स्थळं, सगळं मुंबईहून येतं. लहानपणी कौलांवरचा अँटेना वडीलही तिकडेच वळवायचे. दुकानात माशाच्या काट्यासारखा, दांड्यांचा अँटेना दिसला. खोक्यावर ‘डिजिटल’ लिहिलेलं. उचलला. टीव्हीवर आलं काय, तर ‘सिग्नल नाही’.

घाई आईसाठी होती. दरवर्षी सहा डिसेंबरला ती चैत्यभूमीवर जायची. यंदा गुडघे नाही म्हणाले. “निदान टीव्हीवर तरी दाखव रे,” एवढंच तिचं मागणं. मोबाइल पुढे धरला, तर म्हणे, “मला माणसं बघायचीत, मुंग्या नाही.”

सहा तारीख उद्यावर आली, तेव्हा बायको अंगणात येऊन वर बघत राहिली.

“अहो, आळीतल्या डिशच्या छत्र्या बघा. एक तरी मुंबईकडे बघतेय का?”

खरंच की! झाडून सगळ्या घाटाकडे, कोल्हापूरच्या अंगाला आभाळात तोंड करून बसलेल्या. पुन्हा दुकान गाठलं. दांड्यांच्या अँटेनाला टॉवर लागतो आणि टॉवरवरचं डिजिटल आमच्या भागात पोचतच नाही. छत्रीला उपग्रह लागतो आणि मधलं आभाळ मोकळं लागतं, असं कळलं. छत्री घेऊन आलो, तर नेमकं त्याच दिशेला शेजारच्या काकांचं हापूसचं कलम आडवं.

कोयती घेऊन कुंपणाशी गेलो. “काका, एकच फांदी...”

“फांदीला हात लावू नको हां! मोहर धरलाय.” मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाले, “पण एवढी कसली नड आहे तुला?”

आईचं सांगितलं. काकांनी वळून आपल्या घराकडे बघितलं.

“मग माझ्या स्लॅबवर लाव की. वायर ने कुंपणावरून. आणि ती कोयती आधी खाली ठेव, माझा जीव वरखाली होतोय.”

या वयात काका स्वतः जिना चढले. ते छत्री धरून फिरवताहेत, मी नट आवळतोय आणि खिडकीतून बायको ओरडतेय, “आलं! गेलं! अहो, आणखी थोडं घाटाकडे!”

सकाळी आई पांढरी साडी नेसून टीव्हीपुढे बसली. समुद्राकाठची ती लांबच लांब रांग दिसली आणि तिचे हात आपोआप जुळले. दारात काका उभे होते, चपला काढून. तेही थोडा वेळ बघत राहिले आणि गेले.

प्रक्षेपण संपल्यावर आईने पदराने डोळे टिपले आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी लगेच फुगलो. बायकोला म्हटलं, “बघ, आणलं की नाही दादर घरात?”

“काकांनी आणलं,” ती म्हणाली. “आधी त्यांना गरम घावणे देऊन या. आणि येताना तो तुमचा मुंबईवाला काटा उतरवा, बोंबील वाळत घालायला होईल.”