माझ्या अवताराचा जोडीदार

परळची आमची चाळ पाडून टॉवर झाला. खोली एकशेऐंशी फुटांची होती, घर चारशे पाच फुटांचं मिळालं. पण दारं बंद झाली आणि संध्याकाळी कॅरमला हाक मारणारं कोणी उरलं नाही. म्हणून मुलीने मोबाइलवर ऑनलाइन कॅरम घालून दिला. त्यात प्रत्येकाचा अवतार असतो, म्हणजे टेबलाशी बसलेलं आपलं चित्र. माझा मी प्रामाणिकपणे केला: टक्कल, चष्मा, पांढऱ्या मिशा. समोर फारसं कोणी बसेना. बसलं तरी एका डावानंतर उठून जायचं, मी चांगला खेळलो तरी.

कारण शोधल्याशिवाय मला राहवत नाही. मी फक्त चित्र बदललं. दाट केस, लाल टी-शर्ट, वय पंचविशीचं. खेळ तोच, टाइप करण्याचा वेगही तोच, म्हणजे कमीच. टेबल रिकामं राहीना. एक जण तर रोज माझीच वाट पाहायचा. "कुठं मेलास रे?" असं लिहायचा. चोपन्नाव्या वर्षी मला असं विचारणारं दुसरं कोणी नव्हतं. हळूहळू तो नोकरीबद्दल, मोडलेल्या लग्नाबद्दल लिहू लागला. खरं सांगावं असं रोज मनात यायचं, आणि रोज मी पुढची सोंगटी मारायचो.

मग त्याने लिहिलं, आमच्या बिल्डिंगची सत्यनारायणाची पूजा आहे, दुहेरी कॅरम ठेवलाय, बाहेरचा जोडीदार चालतो, तू ये. सोबत नोटिशीचा फोटो होता. नोटीस आमच्याच बिल्डिंगची.

पूजेच्या दिवशी तीर्थप्रसाद घेऊन मी हॉलच्या कडेला उभा राहिलो. बोर्डापाशी समोरची खुर्ची जोडीदारासाठी धरून बसला होता तो आमच्या दोन मजले खाली राहणारा तरुण. लिफ्टमध्ये त्याने कधी मान वर केली नव्हती. दोनदा पुकारा झाला, मग त्याची जोडी बाद केली. बाहेर पडताना तो मला म्हणाला, "काका, जरा सरका."

संध्याकाळी त्याने जाब विचारला. मी लिहिलं, ताप आहे. वाटलं, विषय मिटेल. पण आम्हा कोकणातल्यांच्या घरी ताप म्हटला की पेज चुलीवर चढते. आई पेज करतेय, पत्ता टाक, असं त्याने लिहिलं. मी लांबचं म्हणून वडाळा सांगितलं. तो म्हणाला, वडाळा काय लांब आहे, बाईक काढतो, बिल्डिंग सांग.

खोटी बिल्डिंग सांगितली तर तो डबा घेऊन वडाळाभर फिरणार. मी खाली गेलो. दार त्यानेच उघडलं, हातात बाईकची चावी.

"वडाळ्याला जाऊ नकोस," मी म्हणालो. "तो मीच."

त्याला कळेना. मी मोबाइल पुढे केला. लाल टी-शर्ट, त्याखाली त्याचाच मेसेज. त्याने बोटाने जुने मेसेज वर सरकवले.

"लग्नाचंपण मी तुम्हाला सांगितलं," तो हळूच म्हणाला.

तेवढ्यात कोण आलंय विचारत त्याची आई बाहेर आली.

"वरचे काका आहेत," तो तिला म्हणाला. "त्यांना ताप आहे."

तिने मला आत बसवलं, डब्यातली पेज ताटलीत ओतली, बाजूला लोणच्याची फोड ठेवली. ताप नाही म्हणालो असतो तर तिला सगळंच सांगावं लागलं असतं, त्याने मला काय काय लिहिलं तेही. मी खाऊ लागलो. पेज फार गरम होती. तो समोर बसून माझ्याकडे बघत होता.

"संपवा," तो म्हणाला.